डॉक्टरीणबाईंच्या डब्याची चार भोकं

चहा ओता, पण बशी जरा सांभाळून धरा, कारण माझा पचका ऐकताना लोक चहा सांडतात असा अनुभव आहे. ही गोष्ट बायकोला मी आजवर अर्धीच सांगितली आहे. पूर्ण तुम्हालाच सांगतोय, आणि तीही परवा पुतण्यामुळे आठवली म्हणून. त्याने मोटारीमागे जोडायचा फायबरचा डबा घेतलाय. आत पलंग, ओटा, खिडक्या, सगळा संसार. मला म्हणाला, "काका, बघा, कुठे सांधा नाही. पाणी शिरायचं नावच नाही." मी वाकून खालून पाहिलं, तर कोपऱ्यांत चार बारीक भोकं. मी लगेच दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो.

का म्हणून काय विचारता? तेच तर सांगतोय.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट, म्हणजे माझ्या डोक्यावर केस होते तेव्हाची. आर्वीकडे एक फिरता दवाखाना होता आणि मी त्याचा कंपाउंडर. दवाखाना म्हणजे तरी काय, लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला दोन चाकांचा प्लायवुडचा डबा. तो जीपमागे जोडायचा. जीप आजारी असली की पुढच्या दांडीला जू बांधून बैल जुंपायचे, आणि आमची जीप आमच्या रोग्यांपेक्षा जास्त आजारी असायची. लोक त्याला 'डॉक्टरीणबाईंचा डबा' म्हणत.

डॉक्टरीणबाई म्हणजे मालतीबाई. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की अंगणातली कोंबडीसुद्धा ओळीत उभी राहावी. रोहणा, तळेगाव आणि त्यांच्या आसपासची आडगावं, सगळीकडे आठवड्याचे वार ठरलेले. डबा आला की बायका कामं टाकून येत. कितीतरी पोरं त्या डब्यात जन्मली. त्याआधी अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून आर्वीला नेत, आणि वाटेत काय काय व्हायचं ते मी सांगत नाही, तुमचा चहा गोड लागू दे.

तर असा हा डबा गळायला लागला. एका पावसाळ्यात तर बाळंतपण बाईंनी केलं आणि मी पडद्याअलीकडे उभा राहून, हात लांब करून, पलंगावर छत्री धरली. अशातच पत्र आलं. नागपूरहून मोठे डॉक्टरसाहेब पाहणीला येणार, सिंदी स्टेशनवर उतरणार, डबा तिथेच दाखवा. डबा कामाचा वाटला तर चालू राहील, नाही तर मोडीत. बदली दुसरा मिळणार नाही.

बाईंनी पत्राची घडी केली आणि म्हणाल्या, "वामनराव, डबा गेला तर मला काय, मी आर्वीच्या दवाखान्यात पंख्याखाली बसेन. रोहण्याच्या बायकांनी कुठे बसायचं?"

मी छाती काढून म्हटलं, "बाई, काळजी नको. डब्याची निगा माझ्याकडे आहे."

"म्हणूनच काळजी आहे," बाई म्हणाल्या.

त्यांचंही खरं होतं म्हणा. माझं निगा राखण्याचं शास्त्र एका ओळीचं: भोक दिसलं की बुजवायचं. दोन वर्षांत मी त्या छतावर इतकं मेण, डांबर आणि पुट्टी चढवली होती की मूळ छत शोधायला कुदळ लागली असती. एक भोक बुजवलं की पाणी शेजारून यायचं. मी तेही बुजवायचो. माझ्या खिशात कायम मेणाचा गोळा असायचा, जशी काही लोकांच्या खिशात तंबाखूची पुडी असते.

बाई म्हणाल्या, "डबा सिंदीला नथ्थूजी मिस्त्रींकडे न्या. काम होईस्तोवर तुम्ही तिथे थांबा. पण वामनराव, हात लावू नका."

आता सिंदीचे लाकडी बैल तुम्ही पाहिले नसतील तर तुमचं नशीब. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात, खाऊ किंवा एखादी वस्तू. बाकी गावांत हे बैल हातभर असतात. सिंदीत काही बैल माणसाहून उंच. चाकांवर उभे, डोळे असे की आपण बाजूला होऊन वाट द्यावी. नथ्थूजी असे बैल घडवणारे मिस्त्री. साठीचा काटकुळा माणूस, डोक्याला पटका, कानावर पेन्सिल.

मी डबा घेऊन पोहोचलो तेव्हा पोळ्याला तीन आठवडे होते.

"कंपोंडर सायेब, भलत्या येळी आलात," नथ्थूजी म्हणाले. "हे पाहा अंगनात, सात बैल पायाविना पडून हायत. पोळा झाला का येजा."

"मिस्त्री, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच तर साहेब येणार आहेत. मालतीबाईंनी पाठवलंय."

"कोन्त्या मालतीबाई? डब्यावाल्या? मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?"

आत गेले आणि दीड वर्षाची नात कडेवर घेऊन आले. "हे पोरगी त्या डब्यातच झाली, तळेगावले, सुनेच्या माहेरी. सून तं हातची गेलतीच. बाईनं दोघींले बी परत आनलं. आता या डब्याले मी नाई म्हनलं तं हे मोठी झाल्यावर मले काय म्हनन?"

पोरगीने माझी मिशी ओढली.

नथ्थूजी डब्याभोवती फिरले, छतावर बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, "याले हे एवढं मलम कोनं लावलं?"

"मी."

"हं."

नुसतं 'हं'. पण त्यानंतर छतावरचं माझं दोन वर्षांचं कर्तृत्व त्यांनी पटाशीने एका सकाळीत खरवडून काढलं आणि टोपलीत भरून उकिरड्यावर टाकलं.

आणि मग मंडळी, जे काम मी पाहिलं ते या डोळ्यांनी पुन्हा पाहिलं नाही. कुजलेला प्लायवुड त्यांनी सगळा उतरवला. सागाच्या बारीक पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा उभा केला. त्यावर काय चढवलं असेल? कापड. जुनी धोतरं, मांजरपाट. जवसाचं तेल राळ घालून उकळायचं, त्यात कापड भिजवायचं, सांगाड्यावर ताणून बसवायचं आणि तळहाताने घासत राहायचं, बुडबुडा म्हणून राहू द्यायचा नाही. वाळलं की दुसरा थर. मग तिसरा. असे सात थर. मधून मधून पाऊस यायचा, तेव्हा डब्यावर ताडपत्री आणि नथ्थूजी बैलांचे पाय घडवायला मोकळे.

"मिस्त्री, कापडाचं छत टिकेल का?" मी विचारलं.

"सायेब, लाकडाले सांधा असते, अन् पानी सांधा हुडकत राह्यते. आपन सांधाच नाई ठेवला तं पानी कोठी जाईन? माह्ये मोठे बैल बी असेच हायत. आतून पोकय, वरून कापड. नाई तं एवढा बैल लेकरं ओढतीन काय?"

दर थर वाळला की ते बोटाच्या पेराने ठोकायचे आणि कान लावायचे. ओला असला की आवाज दबका, वाळला की खणखणीत. "वाळला का तो सोताच बोलते," म्हणायचे. मी पण कान लावायचो. मला काही कळायचं नाही, पण मान हलवायचो. खरं सांगतो, इतका भारावलो होतो की सकाळी चहा न घेता त्यांच्या अंगणात जाऊन बसायचो आणि त्यांच्या हातांकडे बघत राहायचो. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी सांगितलेली औषधं मिसळली. या माणसाला कोणी काही सांगत नव्हतं, त्याच्या हातांनाच सगळं ठाऊक होतं.

आणि नुसती डागडुजी नव्हे बरं का. मागच्या दाराला घडीची पायरी केली. खिडक्यांना झडपा बसवल्या. भिंतीला टेकून उभा राहणारा पलंग केला. जमिनीसाठी तर एक अख्खी परातच केली म्हणा ना, चार बोटं काठाची, त्याच सात थरांची, आणि तिच्यावर पाय ठेवायला सागाच्या पट्ट्यांची जाळी. माझ्या बाटल्यांसाठी एक फळी केली, प्रत्येक बाटलीला तिच्या मापाचं भोक, म्हणजे रस्त्यात हिंदकळून फुटायला नको. ती भोकं मला फार आवडली.

मधे एका रविवारी बाई येऊन गेल्या. त्या आणि नथ्थूजी डब्यात उकिडवे बसून खडूने काहीतरी आखत होते. मी त्या वेळी स्टेशनवर भजी खायला गेलो होतो. त्या अर्ध्या तासात दोघांचं काय ठरलं ते मला नंतर कळलं. जरा जास्तच नंतर.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पांढरा रंग देऊन झाला. नथ्थूजींनी दांडी एका हाताने उचलली आणि डबा अंगणात फिरवून दाखवला. "पाहा सायेब. दोन मानसं ओढतीन. बैल बी नोको अन् जीप बी नोको." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. पण मी त्याहून मोठं काहीतरी केलं.

नथ्थूजी जेवायला आत गेले. मी कौतुकाने डब्याखाली शिरलो. आणि बघतो तर काय, जमिनीच्या चारही कोपऱ्यांत करंगळीएवढी चार भोकं.

माझ्या तळहाताला खाज सुटली. मला वाटलं, बिचारा म्हातारा. तीन आठवडे दम खाल्ला नाही, सात बैलही केले, राहून गेलं असेल. सांगावं का? छे, सांगितलं तर किती वाईट वाटेल त्यांना. त्यांची चूक त्यांना न कळता आपण सुधारावी, यातच माणुसकी आहे. बघा, मूर्खपणा करताना माणूस किती थोर विचार करतो.

चार लाकडी खुंट्या तासल्या. त्यांच्याच हंडीतली राळ घेतली, त्यांचंच कापड गुंडाळलं, खुंट्या ठोकून बसवल्या, घासून सारख्या केल्या आणि वरून त्यांचाच पांढरा रंग अंगठ्याने फिरवला. आयुष्यात एकच काम मी इतकं सफाईने केलं आहे. भोक कुठे होतं ते मलाही सापडेना.

पोळ्याचा दिवस उजाडला. सगळं गाव बैल धुण्यात गुंतलं होतं. मला बैल नव्हता, म्हणून मी डबा धुतला. विहिरीवरून तीस बादल्या पाणी आणलं, त्यात फिनेल घातलं आणि आत ओतलं. पाणी जाळीच्या फटींतून खाली जात होतं, दिसेनासं होत होतं. मी मनात म्हटलं, वा, काय छान निथरतंय. ते निथरून जातंय कुठे, हा प्रश्न कंपाउंडरच्या परीक्षेला नव्हता. मग जाळीवर नवी कोरी चटई अंथरली, दार लावलं आणि पुरणपोळी खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने साहेब येणार. जीप अर्थातच आजारी. मी ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे बैलजोडी मागायला गेलो, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याची आईच मागितली.

"कंपोंडर, काल ज्याच्या पाया पडलो, आज त्याच्याच मानंवर जू ठेवू काय?"

नथ्थूजी हसले. "बैल काऊन पायजेत? आपन दोघं ओढू. अन् बैल दिसालेच पायजे असन तं मी देतो." आणि त्यांनी आपला सगळ्यात उंच लाकडी बैल डब्यापुढे आणला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ. मिरवणूक तशीही स्टेशनच्याच रस्त्याने जाणार होती. डब्याची दांडी बैलाच्या पायाखालच्या चाकांच्या पाटाला पुढपर्यंत घट्ट बांधली, दोन बाजूंनी दोर सोडले. एक दोर नथ्थूजींनी धरला, एक मी. लोक गोळा झाले.

ओढलं. डबा जागचा हलला नाही.

नथ्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. तळहातावर थुंकले, पुन्हा दोर धरला. पुन्हा ओढलं. काही नाही. चार माणसं लागली. मग आठ. डब्याने नुसती कूस बदलल्यासारखं केलं.

"मिस्त्री, लाकूड कोन्तं घातलं बाप्पा? दगडाचं काय?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

नथ्थूजी हसले नाहीत. दोन दिवसांपूर्वी ज्याला एका हाताने फिरवलं त्या डब्याकडे ते बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "सायेब, राळेनं ओल पेली असन. सातही थर जड झाले वाट्टे. माह्या हातून असं कधी झालं नाई. बाईले तोंड कसं दाखवू?"

आणि मी काय म्हटलं असेल? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूतदारपणे म्हटलं, "होतं मिस्त्री. वय झालं की होतं. मनाला लावून घेऊ नका."

या वाक्याची मला आजही लाज वाटते. जगातल्या कुठल्याही औषधाने ती जात नाही.

शेवटी बारा माणसं लागली आणि डबा निघाला. निघाला तो गुडगुडत निघाला. बाजूने चाललेली एक म्हातारी थबकली. "माय वं, त्याच्या पोटात गुडगुडून राह्यलं. नजर लागली डब्याले." लगेच कोणीतरी लिंबू-मिरची आणून दांडीला बांधली. मी औषधाचा माणूस, पोटातल्या गुडगुडीवर मला निदान सुचायला हवं होतं. मी लिंबू नीट बांधलंय का ते पाहिलं.

मग वजन कमी करायचं ठरलं. पलंग काढला, बाटल्यांची फळी काढली, दोघांनी ती डोक्यावर घेतली. माझी औषधांची पेटी काढली, ती माझ्याच डोक्यावर आली. दाराशी हात घालून पेटी ओढताना चटई जरा ओलसर लागली, पण मी म्हटलं, काल धुतलाय, असणारच. तरी डबा तेवढाच जड. अशी आमची वरात निघाली. पुढे लेकरं आपापले बैल घेऊन, मधे तो उंच बैल, त्याच्यामागे डबा, दोन्हीकडे घामाघूम झालेली बारा माणसं, खाली मान घातलेले नथ्थूजी, आणि सगळ्यांच्या मागे डोक्यावर पेटी घेतलेला मी.

स्टेशनपाशी रस्ता चढाचा आहे. वर फाटकाजवळ बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी साहेब. उंच, किडकिडीत, डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर काहीही नाही.

डबा चढाला लागला. गुडगुड थांबली आणि आतून असा आवाज आला की जणू कोणीतरी खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावत गेलं. आतलं सगळं पाणी मागे आलं. दोन चाकांची गाडी ती, मागून बसली. दांडी वर गेली. आणि दांडीबरोबर तो माणसाहून उंच बैल, घुंगरू वाजवत, पुढचे पाय आभाळाकडे करून उभा राहिला. लेकरांनी टाळ्या पिटल्या. असा बैल त्यांनी कोणत्याच तान्ह्या पोळ्याला पाहिला नव्हता.

मीही वर बैलाकडेच बघत होतो. त्यामुळे डब्याचं मागचं दार माझ्या तोंडासमोर उघडलं ते मला दिसलं नाही. तीस बादल्या पाणी, फिनेलसकट, चटईसकट, माझ्या अंगावर आलं. पेटी एकीकडे, टोपी एकीकडे, मी रस्त्यात बसलेला आणि गळ्यात चटई.

पाणी गेलं तसा डबा हलका झाला आणि बैल धाडकन खाली आला. नथ्थूजी दोर टाकून डब्याखाली शिरले. मी बसल्या जागेवरून पाहिलं, ते चारही कोपरे बोटांनी चाचपत होते.

"बाई," खालूनच त्यांचा आवाज आला, "मी इथं चार भोकं ठेवली होती."

"मला माहीत आहे मिस्त्री," बाई म्हणाल्या. "मीच मागितली होती ना. बाळंतपणानंतर जमीन धुतली की पाणी निघून जावं म्हणून."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. उजेड कसला, वीजच पडली.

साहेब खाली वाकले. "मग ही बुजवली कुणी? मिस्त्री, तुम्ही?"

नथ्थूजी बाहेर आले. त्यांनी ते पाहिलं होतं, मला कळलं. पांढऱ्या रंगात माझा अंगठा चांगला चार ठिकाणी उमटला होता आणि रंग कोणाच्या हातचा हे त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "असन जी. माह्याच हातून झालं असन. आता वय झालं."

माझंच वाक्य. मंडळी, त्या क्षणी मला फिनेलमध्ये बुडून मरावंसं वाटलं, पण फिनेल सगळं रस्त्यावर वाहून गेलं होतं. मी उठलो. चटई गळ्यातून काढली.

"साहेब, ती मी बुजवली. मिस्त्रींना ठाऊकसुद्धा नाही. पाणीही मीच ओतलं. यांचा काहीच दोष नाही, मोडीत काढायचं तर मला काढा."

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाणी कधी ओतलंत?"

"काल सकाळी."

"किती?"

"तीस बादल्या."

"आणि काल सकाळपासून आत्तापर्यंत खाली किती गळलं?"

मला कुठे माहीत? साहेबांनी नथ्थूजींकडे पाहिलं. "मिस्त्री, रात्रभर डबा उभा होता तिथली जमीन ओली होती?"

"नाई जी," नथ्थूजी विचार करत म्हणाले. "खडखडीत कोरडी. तिथंच तं लेकरायनं रांगोळी घातली होती. अजून हाय."

साहेबांनी हॅट काढली. डब्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकलं आणि कान लावला, अगदी नथ्थूजी लावायचे तसा. "जमिनीला जे आहे तेच छताला?"

"तेच जी. सात थर."

"मी नागपूरहून निघालो ते छतावर एक बादली पाणी ओतून पाहायचं ठरवून," साहेब म्हणाले. "एक. तुमच्या कंपाउंडरने तीस बादल्या दिवसभर आत कोंडून ठेवल्या आणि थेंब बाहेर आला नाही. अशी परीक्षा घ्यायची माझी हिंमत झाली नसती." तरीही त्यांनी स्टेशनवरून एक बादली मागवली. नथ्थूजींनी ती स्वतः छतावर ओतली. साहेब आत जाऊन वर तोंड करून उभे राहिले आणि कोरडेच बाहेर आले.

डबा पास झाला. बाईंनी नथ्थूजींपुढे वाकून नमस्कार केला, आणि ज्या बाईंसमोर आम्ही सगळे थरथर कापायचो त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नथ्थूजी बैलाच्या पाटावर बसले आणि पटक्याच्या टोकाने तोंड पुसत राहिले. मग एकदम हसायला लागले, आणि माझ्याकडे बोट दाखवून इतके हसले की शेवटी मलाही हसू आलं. खुंट्या त्यांनी तिथेच काढल्या. बाहेर निघायला एक एक खुंटी पाव तास घेत होती. "काम मातर पक्कं केलं, सायेब," म्हणाले. आजवर मिळालेली माझी ती सगळ्यात मोठी तारीफ.

साहेबांचा शेरा पुढे कागदावर आला. डबा उत्तम. मिस्त्रीचं काम नमुनेदार. डब्याच्या देखभालीस कंपाउंडरचा हात लागू देऊ नये. बाईंनी तो कागद औषधांच्या फळीवर चिकटवला आणि डबा चालू होता तोवर तो तिथेच होता. डबा पुढे बरीच वर्षं रोहण्याला, तळेगावला जात राहिला. पावसात छत्री धरायचं माझं काम मात्र कायमचं गेलं.

त्या संध्याकाळी लेकरांना बोजारा वाटत होते. ओळ संपल्यावर नथ्थूजींनी मला हाक मारली आणि माझ्या हातावर वीतभर लाकडी बैल ठेवला. गुळगुळीत, काळ्या डोळ्यांचा. "घ्या, तुमचा बी बोजारा. सगळ्यात मोठा बैल तं तुमीच नाचवला." मग बैल उलटा करून पोटाला असलेलं बारीक भोक दाखवलं. "हे मी मुद्दाम ठेवलं हाय. ध्यानात ठेवजा."

तो बैल अजून माझ्या कपाटावर आहे. बायकोला मी एवढंच सांगितलंय की डब्याची उत्तम निगा राखल्याबद्दल मोठ्या साहेबांसमोर मिळालेलं ते बक्षीस आहे. ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते. एकदा पुसता पुसता म्हणाली, "अहो, याला खाली कीड लागलीय वाटतं, भोक पडलंय. बुजवून टाका ना."

मी म्हटलं, "राहू दे गं. मला त्यातलं काही कळत नाही."